समुद्राचा आवाज मी वाढवला

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. नवऱ्याला काही खासगी सांगायचं असलं की तो आधीच म्हणतो, हे पेपरात द्यायचं नाही बरं का. खोटं नाही ते. शेजारणीचं भांडण, वॉर्डातल्या गमती, सासूबाईंचे टोमणे, सगळं संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं असतं. एकच गोष्ट आत राहिली. नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही. औंढ्याला नागनाथापुढे हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मी त्या गोष्टीच्या कडेकडेनं जाते आणि तशीच परत येते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — बहुतेक एवढंच कारण असेल.

मी नर्स आहे. हिंगोलीतल्या एका दवाखान्यात, तातडीच्या विभागात माझी सगळी नोकरी झाली. दवाखान्याचं नाव विचारू नका. आमच्याकडे सगळं येतं. मोटारसायकलवरून पडलेले, साप चावलेले, मळणी यंत्रात बोटं गेलेले, आणि हळद शिजवायचे दिवस आले की उकळत्या पाण्यानं पोळलेले. माणसं ओरडत येतात आणि त्यांच्या मागून त्यांच्याहून जास्त ओरडणारे नातेवाईक येतात. लोकांना वाटतं, नर्सला त्या ओरडण्याची सवय होत असेल. मला नाही झाली. मी फक्त चिडायला शिकले. 'ओरडून दुखायचं थांबतं का?' हे माझं ठरलेलं वाक्य होतं. माझ्या मागे वॉर्डात मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग आमच्याकडे चष्मा आला.

चष्मा आपला म्हणायला. होता एक काळा डबा. डोळ्यांवर बसवायचा, पट्टा डोक्यामागून आवळायचा, कानाशी आवाज. आत बघितलं की तुम्ही दवाखान्यात राहतच नाही. समोर समुद्र, मान वळवाल तिकडे समुद्र, खाली बघितलं तर वाळू. बर्फाचे डोंगर होते, फुगे फोडायचा खेळ होता, पाण्याखालचे मासे होते. आमच्या तरुण डॉक्टरांनी खटपट करून कुणाकडून तरी तो देणगीत मिळवला होता. त्यांनी मला समजावलं की मन एका वेळी दोन ठिकाणी पुरतं लागत नाही; ते समुद्रात गुंतवलं की दुखण्याकडे कमी जातं. इंजेक्शन, औषध द्यायचंच, त्याच्या जोडीला हा. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं, आता हे खेळणं सांभाळा.

पहिला पेशंट नरसीकडचा एक म्हातारा. पोटरीला विळा लागलेला, टाके घालायचे होते. चष्मा लावला आणि मी सामान घेऊन वळते तर बाबा दोन्ही हातांनी धोतर वर धरून बसलेले. भिजेल म्हणून! टाके झाले, पट्टी झाली, तरी बाबा चष्मा काढू देईनात. "थांबा जरा बाई, लाट येऊन राहिली," म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले, आणि त्या खोलीत मी शेवटचं कधी हसले होते ते मला आठवेना.

तो चष्मा खोटा नव्हता, हे मला आधी सांगायचं आहे. पोळलेल्या बायकांच्या पट्ट्या बदलताना मी वर्षानुवर्षं जे ऐकलं होतं, ते खरोखर कमी झालं. एक बाई तर पट्टी सुटत असताना मला विचारत होती, हे एवढं हिरवं रान कुणाचं म्हणून. आणि तो लावण्यात माझा हात बसला. कुणाला समुद्र मानवेल, कुणाला मासे, कुणाला चक्कर येईल, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. डॉक्टर कौतुक करायचे. पेशंट विचारत यायचे, चष्म्यावाल्या सिस्टर कुठं आहेत? मागून वाईटसाईट नाव असलेल्या बाईला असं नाव मिळालं, तर तिला काय वाटेल, तुम्हीच सांगा.

आणि मला ती शांतता आवडायला लागली. पुढचं सगळं इथूनच आलं, म्हणून सांगते. माणसाचं दुखणं कमी झालं म्हणून मला बरं वाटत होतं, की त्याचं ओरडणं थांबलं म्हणून? तेव्हा मला दोन्ही एकच वाटायचं.

एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून ठेवली होती. हाड मोडलेल्या पेशंटला चष्मा लावला तर त्याची बोटं बघत राहायची. गरम आहेत का, हलतात का, हात लावलेला कळतो का. पट्टीच्या आत सूज चढली की रक्त अडतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. वाढत चाललेलं दुखणंच तेवढं सांगत असतं. म्हणून दुखणं वाढलं, बोटांना मुंग्या आल्या, की चष्मा काढायचा, पट्टी सैल करायची आणि त्यांना हाक मारायची. लगेच. खरं तर त्यांनी हे सांगायचीही गरज नव्हती. नर्सिंग शिकताना मी ते घोकलेलं होतं, आणि नव्या मुलींना मीच शिकवत होते.

शीतल आली ती हळदीच्या दिवसांत, सकाळच्या वेळी. औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका गावची पोरगी. घरी मेंढ्या, शेळ्या आणि थोडं कोरडवाहू रान. ती पोलीस भरतीची तयारी करत होती — रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचं आणि मग रानात गोळा फेकायचा. त्या दिवशी शेजाऱ्याच्या शेतात हळद पॉलिश करायला मदतीला गेली होती. वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, तेव्हा तिला पिवळी चकाकी येते. हळद भरताना तो ड्रम एकदम फिरला आणि शीतलचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

तिच्याबरोबर तिची आई होती, गयाबाई. उंच, काटक बाई, खांद्यावर घोंगडी तशीच. रानातून तडक जीपमध्ये बसून आली होती. आल्या आल्या मला म्हणाली, "सिस्टरबाई, म्या बांधून आणलंय. मेंढराचा पाय मोडला की बांधतो ना आमी, तसंच. रस्त्यानं लेकराला हिसके बसू नये म्हणून."

बांबूच्या कामट्या, आतून लोकर, वरून लुगड्याची पट्टी. मीच ती सोडली. डॉक्टर तेव्हा दुसऱ्या पेशंटकडे होते. सोडायला मला कात्री लागली नाही. पट्टीखाली माझी दोन बोटं सहज गेली. मी शीतलला म्हटलं, माझं बोट दाब बघू. कळ सोसत सोसत तिनं ते दाबलं — चांगलं दाबलं. तिचे डोळे भरलेले होते, तरी म्हणाली, "गोळा फेकते ना ताई म्या." तिची बोटं गरम होती. सगळी हलत होती. हे तुम्ही लक्षात ठेवा. मला विसरायची सोय नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, हात सरळ करून खालून अर्धं प्लास्टर दिलं, वरून पट्टी गुंडाळली, इंजेक्शन दिलं. हाडांचे मोठे डॉक्टर नांदेडहून संध्याकाळी येणार होते. "सिस्टर, बोटांवर लक्ष ठेवा," म्हणाले. एवढ्यात जीप उलटल्याची केस आली आणि ते ऑपरेशनच्या खोलीत गेले, ते गेलेच.

त्याच दुपारी पाहुणे येणार होते. ज्यांनी चष्मा दिला होता, तेच. त्यांना तो चालताना बघायचा होता. सकाळपासून मी साडी नीट करत होते, बेडवरच्या चादरी बदलून घेत होते. पण दाखवणार कुणावर? एका खाटेवर तापाचा म्हातारा होता, दुसरीवर जुलाबाचं लेकरू. राहिली शीतल.

ती पुन्हा रडायला लागली होती. इंजेक्शन घेऊनही रडत होती. सकाळी हात मोडलेला घेऊन आली तेव्हा जेवढी रडली नाही, तेवढी आता कण्हत होती. म्हणजे दुखणं वाढत चाललं होतं. मला हे कळलं नाही का? कळलं होतं. मी ते आत येऊ दिलं नाही, एवढंच.

मी तिला चष्मा लावला. समुद्र लावला. ती म्हणाली, "ताई, पट्टी लई आवळून राहिली." मी म्हटलं, नवीन प्लास्टर असंच वाटतं. खरंच असं वाटतं पुष्कळांना, म्हणून हे वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली — आणि हे मी आजवर कधी तोंडातून काढलेलं नाही — ती म्हणाली, "ताई, बोटाला मुंग्या येऊन राहिल्या. करंगळी तर हाय का न्हाई तेच कळंना."

मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

बाहेर पाहुण्यांच्या गाडीचं दार लागलं.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला आता माहीत आहे. मला तर कितीतरी आधीपासून माहीत होतं. पट्टीचं टोक सोडायचं. कात्री माझ्या खिशात होती. मी समुद्राचा आवाज वाढवला. म्हटलं, "लाटांकडं बघ, शीतल. हाताकडं मन लावू नको." मागचा पट्टा ढिला झाला होता, तो घट्ट केला. गयाबाईला म्हटलं, मावशी, तुमी जरा भायेर बसा, साहेबलोक येऊन राहिले. आणि प्लास्टर लावलेला तो हात चादरीखाली घेतला. का, सांगू? फोटोत बरं दिसावं म्हणून.

पाहुणे आले. मी बोलले, छान बोलले. तेवढ्यात शीतलनं डावा हात वर केला. ती उजव्या हाताकडे जायला बघत होती, किंवा चष्म्याकडे. मला तरी तसंच वाटतं. मी तो हात हळूच हातात धरून खाली आणला आणि म्हणाले, "मासे पकडायला निघाली आमची पोरगी." सगळे हसले. एकानं फोटो घेतला. तो अजून आमच्या व्हरांड्यात आहे, काच लावून. त्यात मी तिचा हात धरून हसते आहे. बघणाऱ्याला वाटावं, किती मायेची सिस्टर आहे.

आणि मग शीतल शांत झाली. कण्हणं थांबलं. मान एका बाजूला टेकली. मी पाहुण्यांना म्हटलं, बघितलंत? मी त्यांना तिच्या शांततेकडे बोट करून दाखवलं.

हात बधिर झाला की दुखणं थांबतं. आतलं सगळं मरायला लागलं की कळ कमी होते, आणि माणूस थकून पडून राहतं. मी ज्याच्यासाठी कौतुक करून घेत होते, ते हे होतं. नंतर पाहुण्यांबरोबर चहा होता, पोहे होते. मी पोहे खाल्ले. परत येऊन मी दारातूनच डोकावले, ती गप्प दिसली, आणि मी दुसऱ्या कामाला लागले. चादर उचलली नाही. एकदाही नाही.

संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांनी चादर उचलली. त्यांनी बोटं चाचपली. नुसती कात्री मागितली. पट्टी कापली तरी बोटं तशीच राहिली — गार, निळसर, मेणासारखी. ॲम्ब्युलन्स मागवली. नांदेडला नेऊन त्यांनी हाताला चिरा देऊन आतला दाब सोडवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हात तुटला नाही तिचा. हात आहे. मनगटापासून आत वळलेला, बोटं मिटलेली, वाळून बारीक झालेला. त्या हातानं पाण्याचा पेला धरता येत नाही. गोळ्याचं तर नावच नको.

तुम्हाला वाटत असेल, झालं, सांगून टाकलं बाईनं. अजून नाही. इथवरचं चूक म्हणून खपलं असतं. गर्दी होती, धावपळ होती, असं म्हणता आलं असतं. माझ्या पोटात जे आहे ते याच्या पुढचं आहे.

ॲम्ब्युलन्स निघायच्या आधी आमचे डॉक्टर धावत आले. ऑपरेशनचे कपडे तसेच होते. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, ती काही म्हणाली होती का? मुंग्या, बधिरपणा, काही?"

मी म्हणाले, "नाही सर. शांत होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. संशयानं नाही. घाबरून बघत होते, की मग चुकलं कुठं, मीच प्लास्टर घट्ट दिलं का? त्या पोराला — माझ्याहून कितीतरी लहान आहेत ते — तसं घाबरलेलं बघणं मला सहन होईना. की माझं पितळ उघडं पडेल याची भीती वाटली? बहुतेक तेच. मी म्हणाले, "घरूनच फार आवळून बांधून आणलं होतं सर. मेंढ्यांचे पाय बांधतात तसं."

गयाबाई दारात उभी होती.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघितलं. "म्या?" एवढंच म्हणाली. मी कापलेल्या पट्टीचे तुकडे गोळा करायला लागले. डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत, तसे नाहीतच ते. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की मावशी, असं घरी बांधू नये, रक्त अडतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? इतक्या वर्षांची सिस्टर मी, आणि ती पट्टी फक्त मीच बघितली होती. गयाबाई ऐकत होती आणि मान हलवत होती. मग ॲम्ब्युलन्समध्ये चढली. चढताना तिनं लेकीच्या अंगाला हातसुद्धा लावला नाही. हात पदरात गुंडाळून बसली.

पण शीतलला आठवत होतं. तुम्हीही मघापासून हाच विचार करत असाल, की त्या पोरीला तोंड नव्हतं का? होतं. नांदेडहून सुटल्यावर ती आमच्याकडे पट्टी बदलायला आली, तेव्हा आई औषधं आणायला गेल्याचं बघून तिनं मला विचारलं. भांडायला नव्हती आली. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "ताई, म्या तुमाला म्हणले होते ना, मुंग्या येऊन राहिल्या म्हणून? करंगळी कळंना म्हणून?"

त्या एका घटकेत सगळं निस्तरता आलं असतं. हात नाही, पण बाकीचं. मी तिच्या पट्टीवरून नजर न काढता म्हणाले, "नाही गं बाई. तू चष्म्यात होतीस. त्यात असंच होतं, तिथलं आणि इथलं एक होऊन जातं. मनातलं बोलल्यासारखं वाटतं."

ती विचार करत राहिली. मला दिसत होतं तिच्या तोंडावर — ती तो दिवस पुन्हा आठवून बघत होती, आणि माझ्या शब्दाखाली तो विरघळत चालला होता. मग म्हणाली, "व्हय... मनातच म्हणले असंन." आणि पुढे म्हणाली, "माफी करा ताई. म्या आईला बोलले होते की सिस्टरला सांगितलं होतं म्हणून. आईनं दटावलं मला. उगं कुणावर आळ घेऊ नये म्हणली."

तिनं माझी माफी मागितली. आणि मी, "असू दे," म्हणाले.

माणूस इतकं खाली जाऊ शकतं, हे मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं. लोकांचं दुखणं कमी व्हावं म्हणून आणलेली वस्तू मी आधी तिचं तोंड बंद करायला वापरली, आणि नंतर तिची आठवण खोटी पाडायला. चष्म्याचा यात काही दोष नाही. तो अजून आमच्याकडे आहे, दुसरी सिस्टर लावते, लोकांना बरं वाटतं. मी डोळे दुखायचं निमित्त करून तो सोडला. तो लावलेलं कुणीही दिसलं की मी जाऊन चादर वर करते, बोटं दाबून बघते. डोक्याला खोक पडून आलेल्या माणसाचीसुद्धा बोटं बघते. पोरी हसतात. त्यांना वाटतं, सिस्टर म्हाताऱ्या व्हायला लागल्या.

एकदा ठरवून गेले मी त्यांच्या गावाला. घरी सांगितलं औंढ्याला दर्शनाला जाते, आणि फाट्यावर एसटीतून उतरले. सगळं पाठ करून गेले होते. म्हणजे पहिलं वाक्य पाठ होतं, त्याच्या पुढचं सुचलंच नव्हतं. गयाबाईला किती आनंद झाला म्हणून सांगू! सिस्टरबाई घरी आल्या! शेळीच्या दुधाचा चहा केला. शीतल ओसरीवर बसून डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवत होती, लहान लेकरासारखी. पळायचे बूट खुंटीला टांगलेले होते, त्यांच्यावर धूळ होती.

वाड्यात — मेंढ्या कोंडतात तिथं — एक कोकरू मागचा पाय ओढत फिरत होतं. पाय मोडून लोंबत होता. मी न राहवून विचारलं, मावशी, ह्याला बांधलं काहून नाही? ती म्हणाली, "न्हाई बांधत आता म्या. ह्या हातानं पोरीचा हात घालवला. आता जनावराला बी लावत न्हाई." मालक बांधतात का मग, विचारलं. तर म्हणाली, "त्यास्नी जमत न्हाई, आमच्यात म्याच बांधत होते." कोकरू ओरडत होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

मी चहा संपवला. माझं पहिलं वाक्य जिभेवर होतं, खरंच होतं. शीतलनं पाटी पुढे करून मला दाखवली — तिचं नाव लिहिलं होतं, वाकडंतिकडं. मी "छान" म्हणाले. आणि पुढच्या एसटीनं परत आले. फाट्यावर उभी असताना मला वाटत होतं की आत्ता मागे वळावं, अजून वेळ आहे, अजून दिसतं आहे त्यांचं घर. एसटी आली आणि मी चढले.

हे जुनं झालं, असं वाटेल तुम्हाला. गेल्या महिन्यातलं सांगते.

मी ड्युटीवर होते. बाहेर जीप थांबली आणि एका लेकराचं ओरडणं ऐकू आलं. तसलं ओरडणं मी इतक्या वर्षांत क्वचित ऐकलंय. गयाबाई होती. मांडीवर नात, थोरल्या मुलाची लेक. दगडी बांधावरून पडून नडगी मोडली होती. आणि पाय उघडा होता. काही बांधलेलं नव्हतं, ना कामटी, ना साधं फडकं. फाट्यापासून हिंगोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते आम्हाला विचारा. त्या सगळ्या खड्ड्यांतून ते मोडलेलं हाड दर हिसक्याला हलत आलं होतं. लेकराचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, ओरडून ओरडून आवाज फाटला होता, आणि मोडलेल्या ठिकाणी हाडानं आतून कातडी वर उचलली होती.

मी पायाला आधार दिला, डॉक्टरांना हाक मारली, इंजेक्शन भरलं. गयाबाई भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही हात पाठीमागे धरलेले, जणू तेच पुढे येतील अशी भीती होती तिला. जीपवाला सांगत होता, गावातला एकजण बांधायला निघाला होता, म्हातारीनं त्याला हात लावू दिला नाही, पाया पडली त्याच्या. गावात कुणाचंही हाड मोडलं तरी जाऊन हेच सांगते म्हणे — बांधू नका, माझ्या पोरीचं बघा.

लेकरू औषधानं थोडं निवलं तेव्हा ती माझ्याजवळ आली. डोळे सुकलेले. हळूच म्हणाली, "सिस्टरबाई, सगळ्या रस्त्यानं वरडली हो. पर ह्या टायमाला म्या हात लावला न्हाई. एक धागा सुदिक बांधला न्हाई." माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बराबर केलं ना म्या?"

डॉक्टर तिथंच होते. दोन हातांवर. मी तिच्याकडे बघितलं.

"व्हय मावशी," मी म्हणाले. "बराबर केलं."